परसदारचं पिवळं गवत

वळ, भिवंडी

प्रिय अनंतादादा,

आई बरी आहे. गणेशपुरीच्या गरम कुंडात पाय बुडवून बसल्यापासून गुडघे हलके झालेत म्हणते. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी फोन तिच्याच हातात दिला, कारण मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं.

काजूसारखा गुणी कुत्रा गेला, हे तिने तुला सांगितलंय. कसा गेला, ते मी तिलाही सांगितलेलं नाही.

आम्ही गणेशपुरीला निघालो तेव्हा घर आणि काजू तुझ्या भरवशावर ठेवून निघालो. परसदारी माजलेलं रान बघून तू म्हणालास, "औषध मारतो, लगेच साफ होईल." मी तुला तिथेच अडवलं. काजूचं पोट बिघडलं की तो गवत खातो, वर पंजे चाटत बसतो. म्हणून तर मी पावसाने माती मऊ झाली की लव्हाळा गाठीसकट खुरप्याने काढते. फरशीच्या फटींत उकळतं पाणी ओतते, तेही त्याला आत बांधून, पाणी निवेपर्यंत. उरलेल्या जागेवर गोडाऊनमधले जुने पुठ्ठे अंथरते. उजेड नाही मिळाला की गवत मरतं. वेळ लागतो, पण कुणाच्या पोटात विष जात नाही. हे सगळं ऐकून तू हसलास. "बरं बाय, हात न्हाय लावत तुज्या गवताला."

परत आलो तर गवत पिवळं पडलेलं आणि काजू पाण्याच्या भांड्याशी आडवा, तोंडातून लाळ गळतेय. रिक्षात त्याने माझ्या मांडीवर दोनदा उलटी केली. डॉक्टरांनी आधी तेच विचारलं, "कुठलं औषध फवारलं? नाव कळलं तर उपाय नेमका करता येईल." मी त्यांच्यासमोरच तुला फोन लावला. दादा, मी रडत होते. तू म्हणालास, "काय पण मारलं न्हाय. उन्हानं सुकलं आसंल." मी डॉक्टरांना तेच सांगितलं. तुझं खोटं माझ्या तोंडाने सांगितलं.

परवा शेजारचे महादूकाका फवारणीचा पंप मागायला आले. तूच नेला होतास म्हणाले. कुणाला तरी टेम्पो उभे करायला आपलं परसदार भाड्याने द्यायचं, म्हणून ते साफ करून दाखवायचं होतं तुला, असंही तेच म्हणाले. पंप न्हाणीघरामागे सापडला, स्वच्छ धुऊन पालथा घातलेला. तेवढी आठवण तुला राहिली.

फवारलंस, त्याचा राग मी कधीतरी गिळला असता. पण काजू जिवंत होता रे, तेव्हा नुसतं एक नाव सांगायचं होतं. बाबा गेल्यापासून मी ज्याच्या शब्दावर चालले, त्याने मला तेवढं नाव दिलं नाही.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. काल वहिनीचा फोन आला. तुमची ओवी रांगायला लागलीय, दिसेल ते तोंडात घालते; रविवारी तिला घेऊन येते, परसदारी मोकळी खेळेल, म्हणाली. मी नुसतं हूं केलं. ते औषध मातीत किती दिवस राहतं, मला ठाऊक नाही. नाव कळल्याशिवाय डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मला सांगायची लाज वाटत असेल तर वहिनीला सांग. शनिवारपर्यंत तू बोलला नाहीस, तर मी बोलेन. माझ्या कुत्र्यासाठी तुझ्या तोंडून खरं निघालं नाही. लेकीसाठी तरी निघू दे.

अजूनही तुझीच,
रुचिका