पहिलीची राजीखुशी

गोंदिया,
ता. १० मार्च १९४७

ती. बाईच्या पायी शामकलाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. गंगाचा खोकला गेला; तू पाठवलेल्या अडुळशानं गेला की होळीच्या पुरणपोळीनं, देव जाणे. तुझं मागचं पत्र वाचून फार बरं वाटलं. जोडाक्षरं सुधारलीत तुझी. मात्र मी तुझी मास्तरीण आहे हे सांगत फिरू नकोस, नाहीतर कामठ्याच्या साऱ्या बाया पाट्या घेऊन माझ्या दारात उभ्या राहतील.

बाई, काल काय झालं सांगू? माझ्यासाठी टाळ्या वाजल्या! मला अजून खरं वाटत नाही. सकाळपासून दोनदा भाजी करपली.

तू ज्याला ‘रविवारची बडबड’ म्हणतेस ते आमचं कायदा अभ्यास मंडळ. ईश्वरदास वकिलांच्या ओसरीवर आम्ही दहाबारा जण जमतो. शेजारच्या राइस मिलचा कोंडा उडून कागदांवर बसतो, तो फुंकत फुंकत कायदे वाचायचे, वाद घालायचे. तिकडे मुंबई इलाख्यात कायदा झाला, की पहिली बायको असताना पुरुषाला दुसरी करता येणार नाही. आपल्या मध्यप्रांतात तसं काही नाही. म्हणून आम्हीच मसुदा लिहायला घेतला आहे. तो निवेदनासह नागपूरला असेंब्लीच्या मेंबरांकडे जाणार. गोंदियाच्या ओसरीवरून नागपूरच्या असेंब्लीत! नुसत्या विचारानं माझ्या अंगावर काटा येतो.

आता तुझ्या भुवया चढल्या असतील, की दुसरेपणावर आलेली बाई दुसरेपणाविरुद्ध कायदा करते! मीही वकीलसाहेबांना तेच विचारलं. ते म्हणाले, झालेल्या लग्नांना धक्का नाही. मी म्हटलं, मग बरं, मला सामान बांधायला नको. सगळे हसले.

काल वाद पेटला तो चौथ्या कलमावर. कोणी म्हणे, वर्षानुवर्षं मूल नसेल तर पुरुषानं काय करायचं? कोणी म्हणे, सूट दिली की कायद्याला भोक पडलं. एकच गलका. मग मी उभी राहिले. कागद बाजूला ठेवला आणि बोलले. म्हटलं, पहिलीची राजीखुशी असेल आणि तिनं ती लिहून दिली असेल, तर परवानगी असावी. आणि आपली गोष्ट सांगितली. माझ्या लग्नात, आपल्या घरच्या रीतीप्रमाणे, पहिलं कुंकू तू मला कसं लावलंस, माझी वेणी कशी घालायचीस, आम्ही दुकानासाठी गोंदियाला येईपर्यंत गंगा माझ्यापेक्षा तुझ्याच कुशीत कशी वाढली. मग टाळ्या, बाई! ईश्वरदासजींनी माझी सूचना जशीच्या तशी मसुद्यात उतरवून घेतली. माझं वाक्य आहे ते, माझं!

फक्त सुशीलाबाईंनी टाळी वाजवली नाही. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई त्या, प्रत्येक गोष्ट चष्मा लावून बघतात. म्हणाल्या, “राजीखुशी तू पाहिलीस का?” मी म्हटलं, “पाहिली काय, माझ्या कपाळाला लागली आहे.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग त्यांच्याच हातच्या दोन ओळी आण. निवेदनाला जोडू.”

म्हणून हे पत्र. येत्या तेवीस तारखेच्या रविवारी मसुदा पक्का होईल. तू एवढंच लिही, की मी राजीखुशीनं शामकलाला घरात आणलं. खाली सही. तुझं नाव नागपूरला जाईल, बघ!

खरं तर विचारायची गरजच नाही. मला आठवतं ना. मी खाली मान घालून होते, तुझा चेहरा दिसला नाही, पण हात दिसला. थरथरत होता. माणसाचे हात आनंदानंही थरथरतात. सासूबाईंनी तुझ्या मनगटाला आधार दिला होता. आधारच होता तो. मी चौदा वर्षांची होते, मला तरी तसंच वाटलं. हे सगळं सुशीलाबाईंना सांगायला हवं होतं का? मी नाही सांगितलं.

बाकी विशेष काही नाही. यांची तब्येत बरी. दुकान सोडून दोनदा सडक अर्जुनीला जाऊन आले. धान बघायला, असं म्हणाले. नवं धोतर नेसून गेले होते. काल रात्री जेवताना मंडळाचा विषय निघाला तर आपणहून म्हणाले, “तुझं ते चौथं कलम चांगलं आहे.” माझ्या कामाचं कौतुक त्यांनी पहिल्यांदाच केलं. मला आनंद व्हायला हवा होता.

उत्तर लगेच पाठव. जे असेल ते लिही.

तुझी धाकटी,
शामकला



कामठा,
ता. १५ मार्च

चि. सौ. शामकलास अनेक आशीर्वाद. गंगाले मोठीमायचा पापा.

मी बोलतो तसंच लिहून राहिली. चुका काढत बसू नको.

तुझ्या टाळ्यांचं वाचून मी एकटीच चुलीपाशी हासली. शेजारची रुख्मा म्हने, काऊन हासून राहिली वं? म्हटलं, माझी शामा नागपूरले कायदा धाडून राहिली. तिले समजलं नाई, पन तीबी हासली.

दोन ओळी मागतल्या तू. दोन ओळीत मावत नाई.

मले कोनी विचारलं नाई, पोरी. मी मोह वेचून, टोपली डोक्यावर घेऊन घरी आली, त आंगनात मांडव पडून राहिला होता. म्हटलं, कोनाचं लगन? सासूबुढी म्हने, आपल्याच घरचं. मी टोपली बी खाली ठेवली नव्हती. मंग धन्याच्या तोंडाकडे पाहिलं, त ते बैलाले पानी पाजाले निंगून गेले.

कुंकवाच्या बारीले मी हात मागं घेतला. बुढीनं मनगट धरलं आन तुझ्या कपाळाले लावलं. माझ्या दोन बांगड्या फुटल्या. हात माझा होता, कुंकू तिनं लावलं. त्याले सारं गाव राजीखुशी म्हनते.

तुले वाईट वाटन. वाटू दे. तुझा राग मले आला होता, लपवत नाई. दुसऱ्या दिवशी तू मोहाच्या झाडाखाली मायसाठी रडत बसली होती, इवलीशी, हळद बी निंगाली नव्हती. तवा राग गेला. जीव मागून जडला. तो खराच हाय, त्याले कोनी बोट लावू नये. पन ती राजीखुशी नोहे. पूर आल्यावर पोहाले शिकली मी, म्हनून पूर बलावला असं होत नाई.

तुमचं कलम लिहून घ्या म्हनते. अवं, ज्यानं मनगट धरलं तो अंगठा धरनार नाई काय?

आता धानाची गोष्ट. तू जे लिहून बी लिहिलं नाई, ते मीच लिहितो. रुख्माची ननंद सडक अर्जुनीले दिली हाय. तिनं सांगतलं. ते धान पाहून नाई राहिले. तिथल्याच बाजूच्या कोहमारा गावची पोरगी पाहून राहिले, पंधरा वरसांची. तुले एक पोरगीच झाली, म्हनून पोरगा पाहिजे. वैशाखात मांडव घालाचं म्हनतात. चौथं कलम त्याहिले काऊन आवडलं, समजलं काय? या बारीले कुंकवासाठी तुझा हात लागते.

रडू नको. मी बी रडली नाई. खरं सांगू, वाचता येते म्हनून मले हे पयल्यांदा समजलं, की आपल्यावर जे झालं त्याले कायद्यात नाव हाय आन ते थांबवता येते. तुझं पत्र आलं तवापासून माझे पाय जमिनीवर नाईत. उद्या तेवीस तारीख असती त उद्याच निंगाली असती!

तेवीस तारखेले मी येऊन राहिली. मंगरू गाडीवानाच्या दमणीत बसतो, पहाटेच निंगतो. तुमच्या ओसरीवर मीच बोलतो. सुशीलाबाईले सांग, टाळी राखून ठेवली ते बरं केलं. धन्यालेबी बलाव. ऐकू दे. आता बैलाले पानी पाजाले जाता येत नाई, ओसरीवर बैल नाईत. लोक नाव ठेवतीन. बुढीच्या राज्यात मले वांझ म्हनून ठेवून झालं, आता आनखी काय ठेवतीन?

तू उभी राहून तुझं वाक्य तूच काढ. तुझ्या तोंडानं आत गेलं, तुझ्याच तोंडानं निंगलं पाहिजे. मी बाजूले उभी राहीन. मंग आपन दोघी घरी जाऊन त्याहिले सांगू, की कोहमाऱ्याच्या पोरीले कुंकू लावाले या घरात एक बी हात नाई.

माझ्या दोन ओळी खाली हायेत. नागपूरले धाड.

मले कोनी विचारलं नाई. मी हो म्हटलं नाई.

घरात कोनी नाई, दार उघडं हाय, कागद मांडीवर हाय. ही सही करताना माझा हात कोनी धरला नाई.

शकुंतला