हिरवी खूण

१२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न., आणि राग बाजूला ठेवून वाचणे.

पुन्हा तेच लिहिलंस, की बाबांना माणूस हवं, यंत्र नको. 'परत ये' तर दोन वर्षं ऐकतोय. परत येऊन मी काय करू, दिवसभर त्यांच्यासमोर बसू? मग तुमच्या खोलीचं भाडं आणि औषधं कोण बघणार? तुझ्या शिवणकामात भागत नाही हे तूच सांगतेस.

आणि ज्याला नाक मुरडतेस ते यंत्र सातवीत शाळा सोडलेल्या तुझ्या भावाने बनवलंय. या कंपनीत मी तारा ओढायला लागलो, फोनवर चालणारे प्रोग्राम कसे करतात ते माझ्या खोलीत राहणाऱ्या चष्मेवाल्याचं डोकं खाऊन शिकलो, आणि चार दिवसांत हे उभं केलं. सकाळी नऊला तू कामावर गेलीस की बाबांचा फोन वाजतो. त्यांनी गोळी घ्यायची, बटण दाबायचं, की माझ्या फोनवर हिरवी खूण. चोवीस दिवस झाले, एक दिवस चुकलेला नाही. तू हाताने द्यायचीस तेव्हा रोज त्यांचं 'नंतर घेतो' आणि रोज तुमचं भांडण.

कंपनीतल्या आमच्या मोठ्या बाईंनाही दाखवलं. त्यांची एक खोड आहे. कुठलंही काम हातात घ्यायच्या आधी प्रत्येकाला चिठ्ठीवर एक ओळ लिहायला लावतात, की हे झाल्यावर कुणाच्या दिवसात काय बदलेल. ती चिठ्ठी भिंतीवर लागेपर्यंत कुणी संगणकाला हात लावायचा नाही. मलाही विचारलं, तुझी चिठ्ठी कुठाय. मी म्हटलं, काम झालंसुद्धा, आता चिठ्ठी कशाला. त्या हसल्या नाहीत. माझं बूड एका जागी टेकत नाही हे त्यांना कुठे माहीत.

बाबांचे पाय सुजतात लिहिलंस, तर जेवणातलं मीठ बघ. गोळ्या चालू आहेत, माझ्याकडे पुरावा आहे.

लोभ आहेच, तो रागावून का होईना कळवत जा.
तुझा,
भिंगरी

३ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

फोनवर सगळं सांगितलं नाही, कारण बाबा शेजारीच होते. आता दुपारचे झोपलेत, म्हणून लिहिते.

बावीस तारखेला कामावरून आले तर बाबा खुर्चीत धापा टाकत होते, ओठ निळे. शेजारच्या सुताराने पाठीवर घेऊन त्यांना जिन्याने खाली नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीत पाणी भरलंय, गोळ्या बंद केल्या होत्या का. मी छातीठोक सांगितलं की एकही चुकली नाही, भावाकडे पुरावा आहे. चार दिवस नळ्या लावून ठेवलं. आणखी एक दिवस गेला असता तर मी आज वेगळंच पत्र लिहीत बसले असते.

घरी आणल्यावर त्यांचा लिफ्टवाल्याचा जुना कोट उसवायला घेतला. खिशात गोळ्या. एकोणतीस मोजल्या. मला पाकीट भरलेलं दिसू नये म्हणून रोज एक काढून ठेवायचे. रविवारी मी घरी असते, तेवढ्याच पाच पोटात गेल्या.

खूप बोलले मी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, तीस वर्षं बटणं दाबायचीच नोकरी केली, एकदाही चुकलो नाही, मग इथे बरा चुकेन. पोरगं लांब राहतं, खूण दिसली की त्याचा दिवस बरा जातो, म्हणून दाबत होतो.

गोळी का घेत नाही विचारलं तर मान खाली घातली. लघवीची गोळी रे ती. घेतली की दोन तासांत चारदा जावं लागतं. संडास खाली अंगणात, मध्ये एकवीस पायऱ्या. एकदा अर्ध्या जिन्यातच झालं, खालच्या मास्तरणीच्या मुलींसमोर. तेव्हापासून मी हात धरायला नसेन तर गोळी घ्यायची नाही असं त्यांनी ठरवलं. मला सांगायची लाज, मी मुलगी ना. तुला सांगणार होते म्हणे, पण तू फोनवर बटण कसं दाबायचं तेच समजावत राहिलास.

मीही कधी विचारलं नाही. तेव्हा दोष तुला एकट्याला देत नाही. येतोस का, हेही आता विचारणार नाही. वेळेवर जेवत जा.

भांडूनही जिची माया आटत नाही,
ती तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र कंपनीत तारांच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. मग खाली बसलो. बराच वेळ बसलो, हे तुला खरं वाटणार नाही.

मोठ्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी बोल लावला नाही, नुसती कोरी चिठ्ठी पुढे केली. मी लिहिलं, 'बाबांनी गोळी घेतली की मला कळेल.' त्यांनी 'मला'वर बोट ठेवलं आणि विचारलं, गोळी कुणी घ्यायचीय. माझ्या यंत्राने जे करायचं ते केलं, ताई. माझा दिवस बरा केला. बाबांनीही तेवढंच ओळखलं आणि जिवावर बेतलं तरी माझ्यासाठी ते पार पाडलं.

दुसरी ओळ लिहायला घेतली तर बाई म्हणाल्या, ही तुझ्या मनाने लिहू नकोस, त्यांना विचार. काल तू कामावर असताना फोन केला. यंत्राचं नावच काढलं नाही. विचारलं, बाबा, गोळी घेतल्यावर काय असलं की त्रास होणार नाही? मग म्हणाले, आतून कडी लागेल असं दार.

तेवढंच. माझ्या चिठ्ठीवर आता तेवढंच लिहिलंय.

म्हणून सुताराला मागच्या गॅलरीचं माप घ्यायला सांग. तिथे आडोसा करून दार बसवायचं, आत भांड्याची खुर्ची. पाच एप्रिलपासून आठ दिवस सुट्टी मिळालीय. मी येतो, पण दार त्याआधी लागू दे. हिरवी खूण काढून टाकली. रोज दहाला मी फोन करीन, त्यांना वाटलं तर बोलतील.

माझ्यावर पूर्वीसारखाच लोभ ठेव, आणि वाटलं तर ओरडही.
तुझा,
भिंगरी

ता. क. नवा फोन घ्यायला साठवलेले पैसे पाठवतोय. कडी हलकी घेऊ नकोस, आणि त्यांच्या हाताला येईल इतकी खाली बसव. पैसे एकूण सात हजार तीनशे आहेत.