चार वर्षांची मुदत

रेणूचे बाबा,

भात गंजात आहे, वरण गरम करून घ्या. बाबूजींले जेवल्यावर बीपीची गोळी द्या. मी रेणूले घेऊन सालेकशाले आईकडे जाऊन राहिली.

काल सीएसाहेबानं सांगितलं, तुम्ही बाजाराबाहेर फोनवर केलेले चांदीचे सौदे म्हणजे सट्टाच. त्यातला तोटा कर भरताना राईस मिलच्या नफ्यातून वजा होत नाही. पुढच्या चार वर्षांत सट्ट्यात नफा झाला, तरच त्यातून वजा होईल. अन् तुम्ही कायले हसून राहिले होते? “चार वर्षं आहेत ना, भरून काढतो,” म्हणत वाटेत पेढे घेतले!

डबा देवापाशी तसाच ठेवला आहे. पेढे कशाचे, असं बाबूजी विचारतील. तुम्हीच सांगा.

अल्का