विचाराच्या शेपट्या आणि काकांचं टेबल

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (इथली फरशी दिवसभर ओली असते, म्हणून तूर्त उभ्यानेच घातला आहे, पण भाव आडव्याचा समजावा). मामींची कंबर आता वाकू देते का? तुमचा खोकला गेला की अजून पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून आहे? माझं म्हणाल तर तब्येत ठणठणीत, पँटचा हुक लागत नाही इतकी. मन तेवढं ठिकाणावर नाही. तुम्ही म्हणाल, सहा महिने गप्प बसलेल्या कार्ट्याने एकदम चार पानं लिहिली म्हणजे याने ही पण नोकरी सोडली. नाही सोडली, मामा. उलट बढती मिळाली. तेच तर दुखणं आहे.

आमच्या धुलाईच्या कारखान्याबद्दल मी तुम्हाला नीट कधी कळवलंच नाही. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी इथे गाड्या भरभरून येतात. खाली मोठ्या ड्रममध्ये धुतात, मग दोघांनी दोन टोकं धरून गरम रोलरमध्ये सोडायच्या, पलीकडे त्या पापडासारख्या कडक होऊन बाहेर पडतात, आणि शेवटी घडीच्या टेबलावर येतात, तिथे डाग बघूनच घडी घालायची. हे टेबल म्हणजे इथलं सिंहासन. सगळ्या इमारतीत एकच खिडकी उघडते, ती त्या टेबलाशी. बाकी आम्ही वाफेत. त्या टेबलावर एकोणीस वर्षं तुमचे दोस्त, म्हणजे आमचे काका (ज्यांच्या शब्दावर मला इथे घेतलं, आणि ज्यांना तुम्ही लिहिलं होतं की पोरगं चंचल आहे पण मनाने वाईट नाही. या दुसऱ्या भागाबद्दल पुढे बोलू). काका चादर एकदा झटकतात आणि चारही टोकं त्यांच्या मुठीत आपण होऊन येतात. पहिल्या दिवशी मी तीच चादर घडी घालायला घेतली तर तिने मलाच गुंडाळलं. काका म्हणाले, "अरे, डोळ्यांनी काय बघतोस? बोटांनी बघ." तेव्हा मला ते फार मोठं वाक्य वाटलं. नंतर कळलं की ते नाइलाजाने तसं करत होते. डोळे अधू झाले होते त्यांचे. बोटांना घडी कळते मामा, डाग कळत नाही.

आता इंग्रजीकडे येतो, कारण घोटाळा तिथे झाला. मालकांनी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये इंग्रजीचा वर्ग काढला. आठवड्यातून दोनदा एक बाई येतात. जो परीक्षा पास होईल त्याला वरचं काम, असं जाहीर झालं. मी सहावीत शाळेला रामराम ठोकलेला माणूस, तरी नाव घातलं. (तुम्ही म्हणायचात ना, याच्या पायाला भिंगरी आहे? ती अजून आहे. खालच्या मजल्यावर फिरून फिरून कंटाळली होती, तिला वर जायचं होतं.) शब्द पाठ करण्यात मी मागे नव्हतो. अडलो विचारापाशी. आपल्याकडे विचार करायचा म्हटलं की करायचा, विषय संपला. यांच्याकडे विचाराला शेपटी लागते, आणि कुठल्या विचाराला कुठली शेपटी ते नुसतं बघून कळत नाही. थिंकला ऑफ लावला तर एखादी गोष्ट मनात आली किंवा करायचं मनात आहे. अबाउट लावला तर तीच गोष्ट घोळवत बसलोय. ओव्हर लावला तर ठरवायच्या आधी नीट पारखून बघतोय. काळजीला अबाउट, स्वप्नाला ऑफ. आणि कन्सिडर नावाचा एक आहे त्याला शेपटीच नाही. मी त्याला तीनदा अबाउट चिकटवला आणि बाईंनी तीनदा छाटला. साहेब लोक आपल्या अर्जावर हाच शब्द का वापरतात ते मला त्या दिवशी उमगलं. पकडणार कुठे?

बाईंचा एक नियम होता, वाक्य खरं पाहिजे. मी आधी राजा जंगलाचा विचार करतो वगैरे लिहून नेलं, तर म्हणाल्या, "तुम्ही राजाला ओळखता का? मग त्याच्या डोक्यात कशाला शिरता? स्वतःच्या डोक्यातलं लिहा." माझ्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट होती. वही भिजून तिचा लगदा झाला होता, म्हणून मी गाडीच्या चिठ्ठीची मागची कोरी बाजू घेतली आणि चार इंग्रजी वाक्यं लिहिली (तुम्हाला मराठीत सांगतो). काकांच्या डोळ्यांबद्दल मी विचार करतो. मंगळवारी डाग असलेली चादर त्यांच्या हातून गेली, त्याची मला काळजी वाटते. त्यांचं टेबल घेण्याचा माझा विचार आहे. मला खिडकीचं स्वप्न पडतं. बाईंनी तिसऱ्या वाक्यातला माझा ऑन खोडून ऑफ केला, प्रत्येकापुढे लाल खूण केली आणि खाली व्हेरी गुड लिहिलं. जन्मात पहिल्यांदा मला कोणी व्हेरी गुड म्हटलं, मामा. मी तो कागद खिशात घातला आणि कामाला पळालो.

आता आमच्याकडची पद्धत ऐका. चादरींच्या प्रत्येक भरल्या ढकलगाडीला एक चिठ्ठी लावायची, पुढे चादरी किती ते, आणि मागची बाजू तक्रारीची. कोणी तक्रार लिहीत नाही, पण जे लिहिलं जाईल ते कामाचं समजायचं असा नियम आहे. आणि लाल पेन इथे फक्त मोठ्या ऑफिसात वापरतात. लाल खूण म्हणजे मंजूर. त्या दुपारी माझ्या गाडीला चिठ्ठी सापडेना, मी खिशातली काढली, पुढची बाजू भरली आणि लावून मोकळा झालो. मागे काय आहे ते माझ्या ध्यानीमनी नाही. ती चिठ्ठी गेली आमच्या सुपरवायझरकडे. ते नाकात बोलतात म्हणून त्यांना सगळे सनई म्हणतात. सनईला तक्रार दिसली, मागणी दिसली, मागणीत ऑफिसने केलेली दुरुस्ती दिसली आणि खाली व्हेरी गुड. माणसाला आणखी काय हवं? त्यात मंगळवारची ती चादर दवाखान्याने नेमकी चिठ्ठीच्याच दिवशी परत पाठवली होती. सनईने दोन्ही समोरासमोर ठेवल्या आणि काकांना बोलावून भिंतीवरच्या फलकावरची सूचना वाचायला लावली. काका म्हणाले, "पाठ आहे मला, विचारा." सनई म्हणाली, "पाठ नको, वाचा." काका फलकाजवळ गेले आणि त्यावरून बोटं फिरवू लागले.

दुसऱ्या दिवशी काका खाली मळक्या गाठोड्यांच्या दारात, आणि मी टेबलावर. दार म्हणजे वास, ओल आणि उभं राहणं. त्या वयाच्या माणसाला तिथे ठेवायला नको, हे सनईलाही कळतं, पण लाल खुणेपुढे तिचं काय चालणार? मी जाऊन सांगितलं की साहेब, तो वर्गाचा अभ्यास होता. सनई म्हणाली, "म्हणजे खोटं लिहिलंस?" मी म्हणालो नाही. "मग झालं तर." मी बाईंनाही गाठलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले, ऑफिसला सगळं लिहून दिलं, आणि ऑफिसकडून उत्तर आलं की कन्सिडर करू.

यातलं काकांना काही माहीत नाही. चिठ्ठी कोणाची हे सनईने त्यांना सांगितलं नाही, आणि मी तर नाहीच. ते संध्याकाळी माझी वाट बघत थांबतात. परवा म्हणाले, "कोणा हरामखोराने चुगली केली ते देव जाणे. पण टेबलावर तू बसलास हे बरं झालं बघ. घरातलाच माणूस बसला." वर मलाच धीर देतात, की वाईट वाटून घेऊ नकोस, तू काही मागितलं नव्हतंस. मी मान हलवतो. खिडकीतून छान वारा येतो मामा, पण मी ती लावून घेतो. रोलरवाल्या बायका ओरडतात, "अरे ए, उघड की, आम्ही काय उकडून मरू?" त्यांना काय सांगू?

तर असं आहे. इंग्रजीच्या शेपट्यांनी घात केला, दुसरं काय. तुम्हाला नुसतं कळवावं म्हणून लिहिलं, मागणं काही नाही. मामींना नमस्कार, लहानग्यांना पाठीत एकेक हलका धपाटा.

आपला,
वर चढलेला भाचा

ता. क. मागणं आहे. तुम्ही काकांना पत्र लिहा आणि चिठ्ठी माझी होती ते त्यात स्पष्ट लिहा. मी चार वेळा त्या दारापर्यंत जाऊन "पाणी हवंय का" एवढंच विचारून परत आलो.

आणखी ता. क. शेपट्यांचं वर जे लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. काकांच्या डोळ्यांचं मला तीन महिन्यांपासून माहीत होतं. डागाच्या चादरी मी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच गुपचूप बाजूला काढायचो, ते कोणाला ठाऊक नव्हतं. मंगळवारची ती चादरही मला दिसली होती. हातात होती माझ्या. मी ती पुढे सोडली. का सोडली ते मला तेव्हा कळत होतं. हेही पत्रात लिहा.

शेवटचा ता. क. तुमची पत्रं काकांना मीच वाचून दाखवतो, म्हणून अक्षर बारीकच काढा, हेही त्यांच्यासमोर मलाच वाचावं लागू दे. मोठं काढलंत तर ते भिंगाखाली धरून स्वतःच वाचतील, घडी घालून खिशात ठेवतील, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी होते तसेच गोड वागतील. ते मला झेपणार नाही.