नऊ गाद्यांची भाऊबंदकी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षं एकाहत्तर, कारखाना कामगारांच्या संघटनेचा एकतीस वर्षं अध्यक्ष, लोकांच्या तोंडी ‘भोंगा’, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. गेल्या वर्षी ऑपरेशनमध्ये माझा कंठ काढला, डोकं जागेवर ठेवलं. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे. कोणी धाक दाखवलेला नाही. कोणी लाडीगोडीही लावलेली नाही, लावण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. पुढे ज्यांचा उल्लेख येतो त्यांची पूर्ण नावं आणि पत्ते वकीलबाईंनी मागच्या पानावर जोडले आहेत. या कागदाची अंमलबजावणीही त्याच करतील.

कलम १. मार्च महिन्यात केलेलं माझं मृत्युपत्र मी रद्द करत आहे. कारण कलम ५ मध्ये.

कलम २. तिसऱ्या मजल्यावरचं राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी, माझ्या धाकट्या मुलीला. विनाअट. हा शब्द मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिला आहे. थोरलीला तिच्या आईचं शिवणयंत्र. ती माझ्याशी चौदा वर्षं बोललेली नाही, पण आईच्या यंत्राशी तिचं भांडण नाही. बँकेत जे असेल ते दोघींना निम्मं निम्मं.

कलम ३. संगणक, आणि त्यातला खेळ.

कंठ गमावून घरी आलो तेव्हा धाकटीने एक जुना संगणक पुढच्या खोलीत मांडला. म्हणाली, “बाबा, बोलता येत नाही ना? मग राज्य करा. इथे ओरडावं लागत नाही.” मध्ययुगातल्या राजघराण्यांचा खेळ आहे. आपण एका घराण्याचा कर्ता व्हायचं, तो मेला की त्याचा वारस व्हायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या. मी हयातभर घराणेशाहीवर कोरडे ओढले. राजाच्या पोटी राजा जन्मतो हे माणसाने माणसाला सांगितलेलं सर्वांत मोठं खोटं आहे, असं चौकाचौकात गर्जून सांगितलं. आणि मीच एका गढीच्या, तीन गावांच्या सरदारापासून सुरुवात करून अकरा महिन्यांत, खेळातल्या दोनशे सतरा वर्षांत, एकाच घराण्याची माणसं नऊ राज्यांच्या गाद्यांवर बसवली.

पहिला राजा मेला तेव्हा तीन मुलांत राज्याचे तीन तुकडे झाले. तेव्हा युक्ती सुचली. बाप जिवंत असतानाच धाकट्या मुलांना परक्या गाद्या मिळवून द्यायच्या. शेजारच्या राजाची मुलगी सून करून आणायची, तिच्या हक्काच्या नावाने लढाई करायची आणि नातवाला तिथे बसवायचं. आपल्या मुली द्यायच्या, पण त्यांची मुलं आपल्याच घराण्याचं नाव लावतील असा करार करून. नकाशावर नऊ रंग आणि नऊही रंगांवर आमच्याच घराण्याची खूण असलेली ढाल.

धाकटीला बोलावून दाखवलं. ती चहाचा कप हातात घेऊन उभी राहिली.

“या लढाया चालल्यात त्या कोणाशी? हा कोण?”

मी पाटीवर लिहिलं: चुलतभाऊ.

“आणि हा?”

पुतण्या.

“या म्हातारीने विष घातलं ते कोणाला?”

नातवाला.

“बाबा, याला तुम्ही साम्राज्य म्हणता? ही भाऊबंदकी आहे. बाहेरचं कोणी शिल्लकच ठेवलं नाहीत, म्हणून घरचेच लढतायत. आजोबा एकच, म्हणून प्रत्येकाचा दुसऱ्याच्या गादीवर हक्क.” आत जाता जाता म्हणाली, “आपल्या संघटनेचं झालं तसंच.”

ते खरं होतं. एवढी पुस्तकं वाचून जे कळलं नाही ते एका खेळाने सांगावं, याची मला लाज वाटते.

बाटल्यांच्या कारखान्याची शाखा मी धाकट्या भावाच्या हाती दिली होती, खोक्यांच्या कारखान्याची थोरल्या जावयाच्या. निवड रीतसर होई, हात वर करून. मी मंचावरून बघत असताना कोणाचा हात खाली राहणार? “शाखा घरात राहिल्या की मालकाला फोडता येत नाहीत,” असं मी म्हणायचो. चौदा वर्षांपूर्वी बाटलीवाल्यांनी संप केला. दोन्ही कारखान्यांचा मालक एकच, म्हणून तिसऱ्या दिवशी खोकीवाल्यांनी बाहेर पडायचं ठरलं होतं. जावई पडला नाही. भावाचा संप फसला तर संघटनेचा सरचिटणीस जावई होणार होता. त्याने मालकाशी परस्पर करार केला. भावाचं डोकं फिरलं. संपातही काचेची भट्टी विझू द्यायची नाही, अकरा माणसं आळीपाळीने आत जाऊन ती पेटती ठेवतील, असा आमचा नियम होता. भट्टी थंड झाली की आतली काच दगड होते आणि भट्टी फोडावीच लागते. भावाने ती अकरा माणसं बाहेर काढली.

मी फाटकावर गेलो ते त्याला थांबवायला. तिथे एकटा पडलेला भाऊ दिसला आणि मी चाळीस मिनिटं त्याची बाजू मांडली. लोक म्हणतात, माझं सर्वांत चांगलं भाषण तेच. मुख्य भट्टीवाला खालून ओरडत होता, “अध्यक्ष, आवरा! काच तुमच्या टाळ्यांसाठी थांबायची नाही!” त्या भाषणाच्या जोरावर तीन दिवस कोणी आत गेलं नाही. काच थांबली नाही. मालकाने भट्टी पुन्हा बांधली नाही. तीनशे बारा माणसं घरी बसली.

तेव्हा हा संगणक, आतल्या नऊ गाद्यांसकट, मी भाऊ आणि जावई यांना सामायिक देत आहे. एकाने दुसऱ्याला सोडून तो सुरू करायचा नाही. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, माझ्यामागेही बघणार नाहीत. त्यावर धूळ बसेल. बसू दे.

कलम ४. पुस्तकं दोन हजारांच्या वर आहेत. राजांची, क्रांत्यांची, आणि सगळ्यांत जास्त फसलेल्या क्रांत्यांची. ती भट्टीवाल्याला द्यायचं मनात होतं. पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही घेता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. म्हणून काल त्याला पाटीवर विचारलं, सही की पुस्तकं? “सहीच करतो,” तो म्हणाला. “पुस्तकं वाचून तुमचं काय झालं ते बघतोय ना.” मग चष्मा पुसत बसला. “आणि सही केली म्हणजे माफ केलं, असं मनात आणू नका.”

आणलेलं नाही. पुस्तकं सार्वजनिक वाचनालयाने न्यावीत. नाही नेली तर रद्दीत.

कलम ५. मार्चचं मृत्युपत्र.

खोकीवाल्यांनी जावयामागून वेगळी चूल मांडली, बाटलीवाले संपले. आज संघटनेची एकच शाखा जिवंत आहे, बुचांच्या कारखान्यातली, चौसष्ट सभासदांची. धाकटी तिथे यंत्रावर काम करते आणि शाखेची चिटणीस आहे. पत्रा कापणाऱ्या यंत्रावर बोटं जायची, त्याला जाळी बसवून घेतली ती तिने. मला दहा वर्षं भाषणं करून जमलं नव्हतं. माझ्यामागे अध्यक्ष तीच, असं सगळे धरून चालले आहेत. तीही.

म्हणून मार्चमध्ये मी लिहिलं होतं की घर धाकटीला, पण ती अध्यक्षपदाला उभी राहिली तर नाही. समोर बसून सांगायची छाती नव्हती. मसुदा टाइप करायला तिच्याच हाती दिला. तिने सगळा टाइप केला, काना-मात्रा तपासली आणि कागद आणून माझ्यापुढे ठेवला.

“कलम दोनला मथळा राहिलाय,” ती म्हणाली. “फर्मान.”

मी पाटी उचलली. तिने ती माझ्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली.

“काकाला शाखा दिलीत ती तुमच्या मर्जीने. मला नाही म्हणताय तेही तुमच्याच मर्जीने. लोकांना कधी विचारणार, बाबा?”

तरीही मी त्या दिवशी सही केली. ती आज मागे घेतो आहे.

कलम ६. माझ्यामागे भाषणं नकोत. हातातला कर्णा कोणाला आठवण म्हणून देऊ नये, भंगारात घालावा. शोकसभा घ्यायचीच असेल तर मंचावर माझ्या रक्ताचं कोणी बसू नये, आणि माझ्या फोटोला हार घालता घालता कोणी पुढच्या अध्यक्षाचं नाव सुचवू नये. ही सवय मीच लावली आहे, तेव्हा मोडायला सांगायचा हक्कही माझाच.

कलम ७. संघटना माझी नव्हती, म्हणून ती मला कोणाला देता येत नाही. हे वाक्य मी एकतीस वर्षं उशिरा लिहीत आहे.

गेल्या महिन्याच्या सभेत मी ठराव मांडला, धाकटीनेच तो वाचून दाखवला: यापुढे मतदान हात वर करून नको, चिठ्ठ्यांनी व्हावं. मागच्या बाकावरून आवाज आला, “अध्यक्ष, चिठ्ठ्या कशाला फुकट घालवता? तुमच्या पोरीलाच तर द्यायचंय!” टाळ्या पडल्या. ठराव पडला, हात वर करून. नंतर मी आठ जणांना एकेकटं गाठून पाटी दाखवली: तू उभा राहा. आठही जणांचं एकच उत्तर, “तुमच्या मुलीसमोर? लोक काय म्हणतील?”

ती बिनविरोध निवडून येईल. ती लायक आहे; हे बाप म्हणून लिहीत नाही, ज्याला ती जाळी जमली नाही असा माणूस म्हणून लिहितो. पण लायक होती म्हणून अध्यक्ष झाली की माझी मुलगी म्हणून, हे तिला कधीही कळणार नाही. आणि तिची पहिली चूक होईल त्या दिवशी बाकीच्या त्रेसष्टही जणांना ते आधीपासून पक्कं ठाऊक असेल. घर मी तिला विनाअट देऊ शकलो. ही गोष्ट देता येत नाही, ती मीच तिच्याकडून काढून घेतली आहे.

तेव्हा सभासदांनो, शेवटची विनंती. तुमच्यातल्या कोणीतरी तिच्याविरुद्ध उभं राहा. पडण्यासाठी उभं राहा. खरोखर निवडून यायला समोर दुसरं नाव लागतं, आणि तेवढंच मी तुमच्याकडे तिच्यासाठी मागतो आहे. मी आशेने लिहीत नाही. मी तुम्हा त्रेसष्ट जणांना ओळखतो, आणि तुम्हाला असं कोणी केलं त्यालाही.

वर लिहिलेलं मी पुन्हा वाचून पाहिलं. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, ती माझीच.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर, सोमवार

(सही)
मृत्युपत्र करणारा

त्याने आमच्या देखत सही केली, आम्ही त्याच्या आणि एकमेकांच्या देखत केली.

साक्षीदार
१. (सही) मुख्य भट्टीवाला, बाटल्यांचा कारखाना (बंद)
२. (सही) परिचारिका, समोरचं घर