वासरं ओढून नेल्याची वाट

३ एप्रिल
या रँचची खरी किंमत : टायरची दोन दुकानं, माझा उजवा गुडघा आणि बायकोच्या, मार्लीनच्या, बहिणींचा शेजार. सौदा तरीही फायद्याचाच! खिडकीतून मोंटानाचे बर्फाळ डोंगर, गोठ्यात गाभण गाई. शेजारी लॉयड टँगेन भेटायला आला. म्हणाला, लांडगे आम्ही गेल्याच वर्षी संपवले, निवांत राहा. मी म्हटलं, म्हणजे या खोऱ्यात सगळ्यांत वरचा आता मीच! तो म्हणाला, असाल बुवा, अजून जनावरांना कुणी कळवलेलं नाही.

८ एप्रिल
दोन वासरं मेलेली जन्मली. इथल्या रीतीप्रमाणे साखळीने पिकअपला बांधली, ओढत नेऊन टेकडीमागच्या हाडांच्या ढिगावर टाकली. मेलेली जनावरं नेणारी गाडी आहे, पण चिखल वाळल्याशिवाय येणार नाही. फोनवरची बाई म्हणाली, धीर धरा. तिचं काय जातंय!

१२ एप्रिल
आणखी तीन गेली. ढिगावर आधीची दोन्ही नाहीत. लॉयडने माती निरखली, टोपी मागे सारली. अस्वल. ग्रिझली. हिवाळाभर झोपून उपाशी उठतं. लांडग्यांनी मारलेली हरणं हिसकावून त्याचं भागायचं. म्हणाला, आपण त्याचे वाढपीच मारले की! हे आधी सुचलं नाही का, मी विचारलं. तेव्हा तुम्ही टायर विकत होता, म्हणाला, नाहीतर तुमचाच सल्ला घेतला असता.

१४ एप्रिल
नुसता वैताग. वनखात्याचा माणूस परवा येणार, पूल पाण्याखाली आहे म्हणे. मग मीच ट्रॅक्टरने खोल खड्डा घेऊन सगळं पुरलं, वर चुना. मार्लीनने विचारलं, आता ते खाणार काय? मी हसलो.

१५ एप्रिल, सकाळ
खड्ड्यापाशी येऊन परत फिरलंय. पावलं साखळीने ओढलेल्या फरफटीच्या खुणांवरून — रक्ताचा वास धरून — ती वाट मीच पाडली, टेकडीपासून थेट गोठ्यापर्यंत.

दुपार
गाई हंबरल्या. मग गप्प. बंदूक पिकअपमध्ये, पिकअप गोठ्यापाशी. लॉयड निघालाय, पण पूल — मार्लीन टेबल दाराला लावतेय. जड आहे, हलत नाही.

पायऱ्या वाजल्या. लॉयड फोनवर ओरडतोय, दाराची मूठ गोल आहे की दांडी? गोल असेल तर त्याला फिरवता येत नाही —

दांडी आहे. दांडी खाली जात—