बाहीएवढा उजेड

स्पिट्सबर्गन, ३ जुलै १९०८

ती. ओलिनेताईस,
धाकट्या सिव्हर्टचा शि. सा. न.

शिकारी जहाज आलं, त्यासोबत हे पाठवतो. इथल्या बर्फातला हिवाळा काढून माझा जोडीदार टोलेफ आणि मी जिवंत आहोत, आणि त्याचं श्रेय तुझ्या रद्दीला. गेल्या वर्षीचे पेपर तू तारखेवार बांधून दिलेस. इथली रीत अशी, की रोज त्या तारखेचाच उघडायचा, उद्याच्याला हात लावायचा नाही.

नाताळानंतर टोलेफच्या हिरड्या सुजल्या, पाय काळे पडले. ताजं मांस हेच औषध, आणि हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेला. सीलचं कच्चं मांस तोंडात घेईना. फार घाबरलो होतो, ताई. शेवटी अट घातली, आधी चार घास, मग पेपरातल्या कादंबरीचा भाग. दीपगृहवाल्याच्या मुलीचं पुढे काय झालं, एवढ्यासाठी तो गिळू लागला.

फेब्रुवारीचा गठ्ठा सोडला, तर कादंबरीच्या जागी भोक. तू त्या कागदावर पोलक्याच्या बाह्या बेतून कापून घेतल्या होत्यास. मग पेपर तोंडासमोर धरून मीच रचत गेलो. त्याला पत्ताही लागला नाही. आता हिंडतोफिरतो.

तुझा सिव्हर्ट

ट्रॉम्सो, २६ जुलै

चि. सिव्हर्टास अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग चुलीपाशी बसून रडले. माझ्या निळ्या पोलक्यापायी माणूस जात होता. खऱ्या कादंबरीत ती मुलगी बुडते. हे टोलेफना सांगू नकोस. पण खोटं बोललास की तुझे कान लाल होतात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. त्यांना कसं कळलं नाही?

अंगावर लोकर असू दे. जीव तिकडेच लागलेला असतो.

ताई

स्पिट्सबर्गन, १९ ऑगस्ट

ओलिनेबाईंस टोलेफचा नमस्कार.

सिव्हर्ट सील सोलायला गेलाय, तोवर लिहितो. तुमचं पत्र त्याने मधल्या ओळी गाळत मला वाचून दाखवलं. खऱ्या कादंबरीत मुलगी बुडाली असणार, कारण तिचं नाव काढताच त्याचे कान लाल झाले.

तो मनचं रचतोय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दिवा त्याच्या मागे असायचा. पेपरातल्या भोकातून बाहीएवढा उजेड माझ्या पांघरुणावर पडायचा. बोललो असतो तर तो थांबला असता, आणि मी जेवलो नसतो. शिवाय त्याची नायिका रागावली की कॉफीत मीठ टाकायची, आणि भावाचे मोजे मनासारखे होईपर्यंत उसवून विणायची. अशी बाई पेपरात छापत नाहीत, ती ट्रॉम्सोत राहते.

सप्टेंबरच्या जहाजाने येतो आहे. ते निळं पोलकं त्या दिवशी घालावं. पत्राशेवटी लोभ वाढवा असं लिहितात. आपला आधी सुरू व्हावा.

टोलेफ